राउंडच्या वेळी आईला बाहेर पाठवू नका: बालरोग विभागांसाठी खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील शासकीय, महापालिका, धर्मादाय व खासगी रुग्णालयांतील सर्व बालरोग विभागप्रमुख

विषय: दाखल बालकांच्या सुरक्षिततेसाठी आईवडिलांना रोजच्या राउंडमध्ये सहभागी करून घेण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या बहुतेक बालरोग विभागांत सकाळी डॉक्टरांचा राउंड सुरू होण्याआधी एक सूचना दिली जाते: "राउंड आहे, नातेवाईकांनी बाहेर थांबा." काही ठिकाणी आईला खाटेजवळ राहू देतात, पण तिने गप्प उभे राहावे अशीच अपेक्षा असते. त्यानंतरच्या तास-दीड तासात प्रत्येक मुलाच्या दिवसभराचे निर्णय होतात. सलाईनचा वेग, अँटिबायोटिकचा डोस, कोणती तपासणी करायची, तोंडाने खायला कधी द्यायचे, घरी कधी सोडायचे, हे सारे मुलाला सर्वांत जवळून ओळखणारी व्यक्ती दाराबाहेर असताना ठरते. ही सूचना मागे घ्यावी आणि आईवडिलांना राउंडमध्ये ऐकण्याचा व बोलण्याचा अधिकार द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे बालरोग विभागात गेली. सौजन्य म्हणून आईशी बोलावे हे तर आहेच, पण माझा आग्रह त्यापुढचा आहे. आईला बोलू दिले तर मुलांना होणाऱ्या इजा कमी होतात, आणि याला आता भक्कम पुरावा आहे.

आईला जे ठाऊक असते ते केसपेपरवर का येत नाही, हे एका उदाहरणाने सांगते. जुलाब-उलट्यांमुळे दाखल झालेला दीड वर्षाचा मुलगा होता. हाताला सलाईन लावलेले, मूल हलवते म्हणून खाली पट्टी बांधून वर बँडेज गुंडाळलेले. सकाळच्या राउंडला निवासी डॉक्टरांनी इंग्रजीत वाचून दाखवले की सलाईन चालू आहे, लघवी होत आहे, प्रकृती स्थिर आहे. कागदावर तसेच होते, कारण संध्याकाळच्या पाळीत लघवीची नोंद झाली होती आणि रात्री चाळीसच्या वर मुले सांभाळणाऱ्या दोघी सिस्टरांना प्रत्येक लंगोट तपासणे शक्य नव्हते. राउंड संपल्यावर आई आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, मध्यरात्रीपासून यानं लघवीच केली नाही हो. आणि बोटं बघा ना कशी टम्म झालीत." बँडेज सोडले तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजलेला होता. सुई शिरेतून निसटली होती आणि कित्येक तास पाणी कातडीखाली साचत होते. बाटलीतले पाणी कमी होत असल्यामुळे सलाईन चालू आहे असेच सगळ्यांना दिसत होते. डॉक्टरांना लगेच परत बोलावले, दुसऱ्या हाताला शीर मिळाली, मूल सावरले. त्या आईला दोन्ही गोष्टी पहाटेपासून माहीत होत्या. राउंडमध्ये मोठे डॉक्टर येतील तेव्हा सांगू म्हणून ती थांबली होती, आणि राउंड आला तेव्हा तिला बाहेर काढण्यात आले.

यात कोणा एकाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. डॉक्टर हुशार होते आणि सिस्टर कष्टाळू होत्या. माहिती जिच्याजवळ होती तिला ती सांगायला जागा नव्हती, आणि ही जागा व्यवस्थेनेच नाकारलेली होती.

मोठ्या माणसांच्या वॉर्डपेक्षा बालरोग विभागात ही उणीव अधिक घातक ठरते. मोठा रुग्ण स्वतः सांगू शकतो की हात ठणकतो आहे, ही गोळी माझी नव्हे, काल मला वेगळेच इंजेक्शन दिले होते. सहा महिन्यांचे मूल फक्त रडते, आणि फार आजारी असेल तर रडतही नाही. शिवाय मुलांचा प्रत्येक डोस वजनावरून काढावा लागतो, म्हणजे प्रत्येक डोसमागे एक गुणाकार आला, एक भागाकार आला आणि बऱ्याचदा एक दशांश चिन्हही आले. बोस्टनमधल्या दोन रुग्णालयांत मुलांसाठी लिहिलेले १०,७७८ औषध-आदेश तपासून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इजा होऊ शकेल अशा औषध-चुकांचे प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत तिप्पट आढळले होते.

आपल्याकडे घरोघरी असलेल्या पॅरासिटामॉलचेच घ्या. त्याचे थेंब मिळतात त्यात एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या एका प्रकारात पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्यात पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतात. म्हणजे थेंबांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर, एका सिरपमधून सहा आणि दुसऱ्यातून तीन. कोणी "सहा मिली द्या" एवढेच सांगितले आणि आईच्या हातात थेंबांची बाटली असली, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. आपली बाटली कोणती, आपल्या मुलाचे वजन किती आणि त्याला नेमके किती मिलिलिटर द्यायचे, हे जिला पक्के माहीत आहे ती आई या चुकीच्या आड उभी राहू शकते. ही माहिती तिला दिलीच नाही, तर ती सांगितले तसे करील आणि तिला दोष देण्याचा कोणालाही अधिकार राहणार नाही.

आता ज्या पुराव्याचा वर उल्लेख केला त्याकडे वळते. उत्तर अमेरिकेतील सात रुग्णालयांच्या बालरोग विभागांत एक कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केले. डॉक्टर, परिचारिका आणि मुलांचे आईवडील यांनी एकत्र बसून तो कार्यक्रम तयार केला होता. आईवडिलांचा सल्ला नंतर विचारला असे झाले नाही, पहिल्या आराखड्यापासून ते त्यात होते. राउंड खाटेपाशी आणि कुटुंबाच्या उपस्थितीत व्हायचा. आईवडिलांना रात्री काय दिसले, कसली काळजी वाटते हे विचारले जायचे. मुलाची प्रकृती आणि दिवसाचा बेत साध्या भाषेत सांगितला जायचा, आईवडील तो आपल्या शब्दांत परत सांगायचे, आणि ठरलेल्या गोष्टी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिल्या जायच्या. ३,१०६ मुलांच्या दाखल-काळाचा अभ्यास झाला. इजा करणाऱ्या चुका हजार रुग्णदिवसांमागे (एक मूल एक दिवस दाखल राहिले की एक रुग्णदिवस) २०.७ होत्या त्या १२.९ वर आल्या, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के घट झाली. राउंडला लागणारा वेळ लक्षणीय वाढला नाही आणि विद्यार्थ्यांचे शिकणेही कमी झाले नाही.

या अभ्यासातली एक गोष्ट प्रत्येक विभागप्रमुखाने लक्षपूर्वक वाचावी असे मला वाटते. चुकांचे एकूण प्रमाण तिथे लक्षणीय कमी झाले नाही. कमी झाल्या त्या मुलांना इजा करणाऱ्या चुका. वॉर्डातला माझा अनुभव याच्याशी जुळतो, म्हणून मी त्याचा अर्थ असा लावते: चुकीचे नाव लिहिलेली बाटली, विसरलेला डोस, निसटलेली सुई हे सारे माणसांच्या हातून होतच राहते, पण खाटेजवळ जागरूक आणि बोलण्याची मुभा असलेले माणूस असले तर चूक मुलापर्यंत पोहोचण्याआधी अडते. सध्याच्या आपल्या व्यवस्थेत हे शेवटचे कुंपण आपण रोज सकाळी स्वतःच्या हाताने काढून ठेवतो.

परिचारिकांविषयीही याच अभ्यासात एक आकडा आहे आणि तो वाचून मला भरून आले. राउंडमध्ये परिचारिकांचा सहभाग आधी सुमारे २० टक्के होता, तो ३५ टक्क्यांवर गेला. आपल्या राउंडमध्ये सिस्टर ट्रॉली घेऊन मागे चालते, फाइल पुढे करते, सांगितलेले लिहून घेते. रात्रभर त्या मुलाजवळ ती होती, पण "सिस्टर, तुम्हाला काय वाटते?" हा प्रश्न तिला क्वचितच विचारला जातो. आईला बोलते करायचे असेल तर सिस्टरलाही बोलते करावे लागेल, कारण आई आपली शंका आधी सिस्टरलाच सांगते.

परदेशातले आकडे आपल्याला लागू पडतात का, असे कोणी विचारील आणि तो प्रश्न योग्य आहे. म्हणून आपल्याच मातीतले दाखले देते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे हे काम झाले त्या गावांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जंतुसंसर्ग ओळखायच्या तिथल्या खुणा आठवून पाहा: आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे मंद झाले, आधी नीट दूध ओढणारे बाळ आता ओढेनासे झाले. 'आधी' कसे होते हे माहीत असल्याशिवाय यातली एकही खूण ओळखता येत नाही, आणि आधी कसे होते हे आईला माहीत असते. गडचिरोलीच्या खेड्यात जिच्या निरीक्षणावर विसंबून जीव वाचले, तिच्यासारख्याच आईचे निरीक्षण शहरातल्या सुसज्ज रुग्णालयात ऐकण्याजोगे का वाटू नये?

आशा आणि एएनएम ताईंना बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचे प्रशिक्षण आपण देतो. त्यात आईला विचारावे, नीट ऐकावे, ती जे बरोबर करते त्याचे कौतुक करावे, मग सल्ला द्यावा आणि तिला तो समजला का हे तपासावे, असा क्रमच शिकवलेला आहे. उपकेंद्रात ही शिस्त पाळायची आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विसरायची, हे मला कधीच पटले नाही.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये नवजात अतिदक्षता कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांमागे दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयातील काम होते. तिथे हात धुणे, बाळाला हाताळणे, दूध पाजणे, धोक्याच्या खुणा ओळखणे हे शिकवून आईवडिलांना आत घेतले, तेव्हा जंतुसंसर्ग वाढला नाही आणि स्तनपानाचे प्रमाण वाढले. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत एक मोठा प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवले तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्या प्रयोगात होते. नवजात अतिदक्षता कक्षात आई चालते, तर जनरल वॉर्डातल्या राउंडला ती का चालू नये, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. एका खाटेवर दोन मुले असतात, एका युनिटला एका सकाळी साठ-सत्तर मुले पाहायची असतात आणि निवासी डॉक्टर आधीच रात्रभर जागे असतात. अशा वेळी प्रत्येक आईशी पाच मिनिटे बोला असे सांगणे म्हणजे त्यांच्या थकव्याची थट्टा ठरेल. पण पाच मिनिटे लागत नाहीत. "रात्री काय वेगळे दिसले?" हा एक प्रश्न आणि शेवटी "आज आपण हे-हे करणार आहोत" अशी दोन वाक्ये, एवढ्याने सुरुवात होते. जी मुले गंभीर आहेत किंवा ज्यांच्या उपचारांत आज बदल होणार आहे, त्यांच्यापाशी अधिक थांबावे आणि इतरांकडे कमी वेळ द्यावा, हे तारतम्य प्रत्येक चांगल्या डॉक्टरकडे असतेच. राउंडमध्ये न बोलल्यामुळे दिवसभर सिस्टरच्या टेबलाभोवती जी गर्दी होते, "डॉक्टर काय म्हणाले?" हा प्रश्न जो दहा-दहा वेळा येतो, त्यात जाणारा वेळही हिशेबात धरावा.

गर्दीचा मुद्दा मला मान्य आहे. एका मुलासाठी सहा माणसे आत नकोत. एक माणूस, बहुधा आई, आणि ती नसेल तर रात्रभर जी व्यक्ती जवळ होती ती, मग आजी असो की मावशी असो. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची खासगी माहिती सगळ्यांसमोर उघड होऊ नये याचीही काळजी घ्यायला हवी. एचआयव्ही, छळ, कौटुंबिक प्रश्न अशा बाबी खाटेपाशी मोठ्याने बोलू नयेत, त्यासाठी बाजूच्या खोलीत बसावे.

आईला सगळे सांगितले तर ती घाबरेल, असेही म्हटले जाते. मी पाहिले ते असे, की दाराबाहेर उभी असलेली आई अधिक घाबरते, कारण आत डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचे भाव तिला दिसतात आणि शब्द ऐकू येत नाहीत. नातेवाईकांच्या संतापाबद्दलही हेच सांगता येईल. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला, तो हवाच होता. सहकाऱ्यांवर हात उगारलेला मी पाहिला आहे आणि त्याचे समर्थन कधीही होऊ शकत नाही. पण "काल रात्रीपर्यंत सगळे ठीक आहे म्हणत होते" हे वाक्य अशा बहुतेक प्रसंगांत ऐकू येते. मूल खालावते आहे हे रोज थोडे-थोडे, खरे-खरे सांगितलेले असेल तर वाईट बातमी अचानक कोसळत नाही.

मुख्य अडथळा भाषेचा आहे. राउंड इंग्रजीत चालतो आणि शिकवण्यासाठी तो काही प्रमाणात तसाच चालणार हे मी समजू शकते. पण शेवटची दोन वाक्ये मराठीत, आणि शक्यतो रोजच्या मराठीत बोलता येतील. "सेप्सिस सस्पेक्ट करतोय, कल्चर पाठवलंय" याऐवजी "रक्तात जंतू गेले असावेत अशी शंका आहे, रक्त तपासायला पाठवले आहे, तीन दिवसांत कळेल, तोपर्यंत औषध सुरू राहील" असे सांगितले तर आईला दिवस मोजता येतात. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या, नंदुरबारच्या भिली-पावरी बोलणाऱ्या, गडचिरोलीच्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या आयांसाठी रोजची मराठीसुद्धा पुरत नाही. तिथे त्यांची भाषा जाणणारी एखादी कर्मचारी, वॉर्डातल्या मावशी किंवा आशा ताई राउंडच्या वेळी हजर असेल अशी व्यवस्था हवी, आणि ते काम ड्युटीचा भाग म्हणून नोंदले जावे. घाईत मिळेल त्या दुसऱ्या रुग्णाच्या नातेवाईकाला दुभाषा करणे योग्य नाही.

समजले की नाही हे विचारण्याची पद्धतही बदलायला हवी. "समजलं ना?" असे विचारले की प्रत्येक आई "हो" म्हणते, कारण समोर डॉक्टर उभे असतात आणि नाही म्हणण्याची तिला लाज वाटते. मी आमच्या वॉर्डात वेगळा प्रश्न रुळवला होता: "ताई, घरी गेल्यावर सासूबाई विचारतील, त्यांना काय सांगाल?" मग खरे काय ते बाहेर येई. एक आई म्हणाली, "ही पांढरी बाटली, दोन टोपणं, दिवसातून तीनदा." औषधासोबतचे मापाचे टोपण तिने बाजूला ठेवले होते आणि बाटलीचेच झाकण ती माप समजत होती. सिरिंजने भरून, खूण करून तिला माप दाखवायला दोन मिनिटेही लागली नाहीत. "समजलं ना?" एवढेच विचारून तिला घरी पाठवले असते, तर तिने मनापासून आणि काळजीने चुकीचाच डोस दिला असता.

आपल्या कुटुंबांत माहितीची वाटणी कशी होते, तेही लक्षात घ्यावे. डॉक्टर खाली ओपीडीत किंवा जिन्यात वडिलांना गाठून सांगतात, कारण सही वडिलांची, पैसे वडिलांचे, बाहेरच्या औषधांची चिठ्ठी वडिलांकडे. खाटेवर मुलाजवळ आई बसलेली असते आणि तिला त्यातले काहीच कळलेले नसते. सकाळपासून मुलाला काही खायला द्यायचे नाही हे वडिलांना सांगितलेले असते आणि आईने मात्र बिस्किट भरवलेले असते. मग ऑपरेशन पुढे ढकलले जाते, किंवा कोणाच्या लक्षात आले नाही तर भूल देताना उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका उभा राहतो. म्हणून खाटेपाशी एक कागद हवा. मराठीत, मोठ्या अक्षरांत, चार-पाच ओळींचा: मुलाचे आजचे वजन, आज काय करायचे आहे, खायला द्यायचे की नाही, कोणत्या गोष्टी दिसल्या तर लगेच हाक मारायची आणि आज जबाबदार डॉक्टर व सिस्टर कोण आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे असावीत आणि तोच कागद सिस्टरने वाचून दाखवावा. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना ओव्हर देतात, म्हणजे प्रत्येक मुलाची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवतात, तेव्हाही हाच कागद हातात घेऊन खाटेपाशी, आईच्या समोर ओव्हर द्यावा. डॉक्टरांच्या ड्युटी-बदलाला ठरावीक साचा दिला तेव्हा अमेरिका-कॅनडातील नऊ बालरोग विभागांत चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपल्याकडे ओव्हर अजूनही ज्याच्या-त्याच्या स्मरणशक्तीवर चालतो.

यापुढचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. आईने सांगितले आणि तरीही कोणी ऐकले नाही, तर तिने कुठे जावे? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये रायन सॉन्डर्स हा तीन वर्षांचाही नसलेला मुलगा २००७ मध्ये गेला. मूल खालावते आहे असे आईवडील सांगत होते, पण त्यांच्या सांगण्याला वेळेवर प्रतिसाद मिळाला नाही. तिथे २०१३ पासून 'रायन्स रूल' आहे: आधी सिस्टर किंवा डॉक्टरांशी बोला, मग त्या पाळीच्या प्रमुख सिस्टरशी बोला, आणि तरीही समाधान झाले नाही तर एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून स्वतंत्र तपासणी मागा. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांची मार्था मिल्स सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाल्यामुळे रुग्णालयात होती आणि २०२१ मध्ये जंतुसंसर्गाने गेली. आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती. तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला. २०२४ पासून तिच्या नावाने नियम लागू होऊ लागला. त्यानुसार कुटुंबाला दिवसा-रात्री कोणत्याही वेळी वेगळ्या वैद्यकीय पथकाला बोलावता येते.

आपल्या जिल्हा रुग्णालयात असे वेगळे पथक नसते, हे मी जाणते. पण ऑन-कॉल बालरोगतज्ज्ञ असतात, अधीक्षक असतात, ड्युटीवरचे वैद्यकीय अधिकारी असतात. "मुलाची प्रकृती बिघडते आहे असे वाटत असेल आणि ऐकले जात नसेल, तर या क्रमांकावर फोन करा" अशी पाटी प्रत्येक बालरोग विभागाच्या दारावर मराठीत लावता येईल, आणि दाखल करतानाच आईला ती दाखवता येईल. तक्रारपेटी हा त्याला पर्याय नाही. पेटी महिन्याने उघडते आणि मूल तासाभरात खालावते. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे शुश्रूषागृहांच्या नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले आहे, पण लहान अक्षरांतला तो फलक रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईच्या उपयोगाचा नाही. फोन करणाऱ्या आईला नंतर वॉर्डात टोमणे ऐकावे लागणार नाहीत, याची हमी विभागप्रमुखांनी स्वतः घ्यावी. ही हमी नसेल तर पाटी लावूनही कोणी फोन करणार नाही.

मंत्री महोदयांना माझी विनंती अशी. सरकारी रुग्णालयांतल्या बालसेवांच्या गुणवत्तेसाठी केंद्राचा 'मुस्कान' उपक्रम सप्टेंबर २०२१ पासून आहे. त्याच्या तपासणीसोबतच राज्याने आपल्या परिपत्रकाने तीन गोष्टी जोडाव्यात: राउंडच्या वेळी एक पालक हजर राहील, खाटेपाशी मराठी कागद असेल आणि पालकांसाठी तातडीचा क्रमांक असेल. सुरुवात सगळीकडे एकदम करू नये. एक वैद्यकीय महाविद्यालय, एक जिल्हा रुग्णालय, एक आदिवासी भागातले उपजिल्हा रुग्णालय आणि एक खासगी रुग्णालय निवडावे, सहा महिने मोजमाप करावे, आणि ते मोजमाप करताना पालकांनी सांगितलेल्या चुकाही धराव्यात. केवळ केसपेपर पाहिले तर निम्मे दिसणारच नाही. कागदाचा नमुना आणि राउंडची पद्धत ठरवणाऱ्या समितीत बालरोगतज्ज्ञ व परिचारिकांबरोबर, ज्यांची मुले दाखल होती असे आईवडील असावेत आणि त्यांत किमान एक आई न शिकलेली असावी. रुग्णांचा आणि कुटुंबांचा सहभाग हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ ते २०३० च्या रुग्णसुरक्षा आराखड्याचे एक उद्दिष्ट आहे, आणि १७ सप्टेंबरच्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा २०२५ चा विषय नवजात बाळांची व बालकांची सुरक्षित काळजी हाच होता. त्या दिवशी आपल्याकडेही फलक लागले, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशीच्या राउंडला मात्र नातेवाईक बाहेरच होते.

विभागप्रमुखांनी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्याच्या राउंडला आयांना आत थांबायला सांगणे, हा पूर्णपणे आपल्या अधिकारातला निर्णय आहे. पहिले काही दिवस राउंड लांबेल, काही आया एकदम खूप बोलतील, काही काहीच बोलणार नाहीत, निवासी डॉक्टर कुरकुर करतील. त्यांना थोडे सांभाळून घ्या. खाटेपाशी कसे बोलायचे, वाईट बातमी कशी सांगायची, "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असे कसे म्हणायचे, हे तुमच्या वरिष्ठ डॉक्टरांना समोर बोलताना पाहूनच ते शिकतील.

वॉर्डात या पद्धतीची घडी बसवण्यासाठी, नव्या सिस्टरांना खाटेपाशी ओव्हर द्यायला शिकवण्यासाठी आणि मराठी कागदाचा मसुदा करण्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका वेळ द्यायला तयार आहेत. ज्या रुग्णालयाला गरज असेल त्याने बोलवावे. आम्ही मानधन न घेता येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, बालरोग विभाग